सूर्याभोवती टाकलेली रापण

नवीन : तुमच्या जहाजाला आता काम आहे.

हे वाक्य उर्वी पराडकरने लिहिलं. खेळाची नवी आवृत्ती निघाली की सोबत बदलांची छोटी टिपणं जातात. ती कुणी वाचत नाही, पण लिहावी लागतात. हे मात्र लोकांनी वाचलं. एकमेकांना पाठवलं. थट्टाही केली.

कारण ‘सातवा दर्या’ खेळणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचं अवकाशजहाज होतं आणि त्याचा कुणालाच काडीचा उपयोग नव्हता. लोकांनी वर्षानुवर्षं खपून ती बांधली होती. शिडं रंगवली होती, आतल्या भिंतींवर आपापल्या मांजरांचे फोटो लावले होते. पण लढाई लागली की खेळ सगळ्यांना एका उडीत थेट रणांगणात नेऊन ठेवायचा आणि जहाज मागे धक्क्यावर राहायचं. दारात उभी करून नुसती धुवायची गाडी.

“हे ऐक,” नाझनीन इनामदार म्हणाली. कोल्हापुरातला तो स्टुडिओ तिचा. खेळाडूंच्या तक्रारी ती मोठ्याने वाचायची, दुपारच्या चहाबरोबर. “‘माझ्या जहाजापेक्षा माझी चप्पल जास्त फिरते.’ बघ की, किती सभ्य माणूस आहे.”

“वेग वाढवू या?” उर्वी म्हणाली.

“वेग वाढवलास की प्रवास संपला. प्रवास संपला तर जहाज कशाला पाहिजे? चप्पल आहेच.”

“मग तोफा?”

“तोफा पाच वर्षं वाढवतोय आपण. आता तोफा ठेवायला जागा नाही.” नाझनीनने कप खाली ठेवला. “उपयोग म्हणजे काय गं, उर्वी? ते नसलं तर कुणाचं तरी अडायला पाहिजे. यांच्या जहाजावाचून कुणाचं अडतंय?”

उत्तर बाहेरून आलं.

त्या वर्षी काही देशांनी मिळून सूर्याभोवती हजारो कवड्या सोडल्या होत्या. कवडी म्हणजे तळहाताएवढं यान. एक पातळ शीड, एक अँटेना, एक अतिशय अचूक घड्याळ. इंजीन नाही, इंधन नाही. सूर्याचा उजेड शिडावर पडतो, आणि उजेडालाही अगदी हलका का होईना, धक्का असतो. त्या धक्क्यावर कवडी चालते. शीड एका बाजूला कललं तर बाहेर जाते, दुसऱ्या बाजूला कललं तर फिरत फिरत आत येते. हे सोपं आहे. अवघड होतं ते हजारो शिडं सतत सांभाळणं. प्रत्येकाचा वारा वेगळा, धूळ वेगळी, खोड वेगळी. त्यासाठी गणित करणारी यंत्रं हवी होती आणि निर्णय घेणारी माणसं. दोन्हीला कुणाकडे पैसा नव्हता.

यंत्रं आणि माणसं? उर्वी खुर्चीतून उठून उभी राहिली. ती तर धक्क्यावर रिकामी बसली होती, मांजरांचे फोटो लावून.


बदल : आता उडी नाही.

कवड्या सोडणाऱ्या देशांनी होकार दिला आणि या जोडणीला नाव पडलं सांगड. एक जहाज, एक कवडी. खेळाडूच्या घरचा संगणक कवडीचं गणित करणार, खेळाडू शीड कलवणार. खेळातलं जहाज आता तिथेच असणार जिथे त्याची कवडी आहे. कवडीला पोचायला महिने लागत असतील, तर जहाजालाही महिने. कवडी फुटली तर जहाज फुटलं. पुन्हा जन्म नाही.

पहिल्या दिवशीची बोलणी खेळाच्या भिंतीवर अशी पडली :

— हे जहाज आहे की बैलगाडी?
— सकाळपासून शीड कलवतोय. जेवून आलो. अजून तिथेच.
— पण जेवताना ते खरंच सरकत होतं ना?
— हो.
— म्हणजे खरंच? वर?
— हो रे.

आणि मग सगळे पुन्हा शीड कलवायला गेले.

त्या ‘खरंच’मध्ये काय होतं ते उर्वीला हळूहळू कळलं. संदेश कवडीपर्यंत प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी वाटेत वीस-वीस मिनिटं मोडतात. म्हणून पडद्यावरचं जहाज खऱ्या कवडीच्या तेवढंच पुढे चालायचं. पृथ्वीवर कुणी बोट हलवलं की पडद्यावर शीड आत्ता वळे आणि सूर्यापलीकडच्या काळोखात ते वीस मिनिटांनी वळे. पूर्वी लोक खेळात येताना म्हणत, जरा खेळून येतो. आता म्हणू लागले, जरा वर जाऊन येतो. जळगावच्या एक केमिस्टबाई, चौधरी, दुकानात गिऱ्हाईक नसताना मंगळापलीकडे असत. त्यांनी लिहिलं, ‘गोळ्या काढून देताना हात थांबतो हो मधेच. वाटतं, आत्ता वळली असेल.’


सुधारणा : दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा.

पण हजारो कवड्या करणार काय? एकेकटी कवडी बहिरीच. तिचं कान देणं कामाला येतं ते दुसरी कवडी दूरवर त्याच क्षणी कान देत असेल तेव्हा. तीच रेडिओलहर एकीकडे आधी पोचते, दुसरीकडे किंचित नंतर. घड्याळं अचूक असली तर त्या किंचित फरकावरून लहर नेमकी कुठून आली ते काढता येतं. दोन कवड्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी नजर बारीक. सूर्याच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत कवड्या पसरल्या, तर मधल्या सगळ्या पोकळीएवढी एकच अँटेना असल्यासारखं होतं. तिला दुसऱ्या ताऱ्याचा ग्रहही नुसता ठिपका म्हणून दिसत नाही. त्याच्यावरच्या जागा वेगवेगळ्या दिसतात.

ग्रह ठरला होता. बारा प्रकाशवर्षं दूर, एका तांबूस ताऱ्याजवळ. पहिलं धूसर चित्र आलं ते एका बाजूला वाकलेलं होतं, म्हणून उर्वी त्याला सुंगट म्हणाली. तिच्या गावाकडे कोलंबीला सुंगट म्हणतात. नाव पडलं ते पडलंच.

आणि बघायचं काय, तर विजा. वीज कडाडली की लांब लहरींचा रेडिओ-कडकडाटही फुटतो, तो ढगांतून, काळोखातून आरपार जातो. आपल्या पृथ्वीवर विजा समुद्रावर कमी पडतात, जमिनीवर कितीतरी जास्त. पुरेशा विजा मोजल्या तर नकाशा आपोआप उमटतो : चमकणारी ती जमीन, काळोख तो समुद्र. सुंगटावर विजा आहेत हे कळलं होतं. पण सगळ्या ग्रहभर सारख्या, की कुठे आहेत आणि कुठे नाहीत? तिथे समुद्र आहे का?

उर्वी मालवणच्या उत्तरेकडच्या एका मच्छीमार गावात वाढली होती. हजारो जहाजं कमानीत उभी करायची म्हटल्यावर तिला दुसरं काही आठवलंच नाही. रापण. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात कमान घालते, जाळं सोडत, आणि दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला आणते. मग गाव दोन्ही दोर ओढतो. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग तो वाटसरू असला तरी. तिने तेच खेळात घातलं. दोन पंख, दोन टोकं. वाटा म्हणजे चित्राचा एक तुकडा कायमचा तुमच्या जहाजाच्या नावावर, आणि चित्र आधी तुम्हाला दिसणार, मग जगाला. ओढायच्या वेळची आरोळीसुद्धा तिने घातली, गावच्या जुन्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून.

त्या आरोळीवरून तिचा मोठा भाऊ लवेश तिच्याशी बोलायचा बंद झाला.

लवेश गावची रापण चालवायचा. शेवटचं बोलणं फोनवर झालं.

“आरोळी इचारून घेतलंस?”

“म्हाताऱ्यांक इचारलंय. खूश होते, दादा.”

“म्हातारे खूशच आसतत. आज दोराक किती माणसा होती म्हायत आसा? होडी भायर गेली, जाळा टाकला, आनि ओढूक कोण नाय. सगळी पोरां घरात. काय करतत इचारलंय. तर म्हणतत, रापण ओढतंव.” तो हसला, पण ते हसणं नव्हतं. “तुझी.”

त्याने फोन ठेवला. काही आठवड्यांनी पूर्वेच्या पंखात एक जहाज आलं. नाव ‘पेडवो’. पेडवो म्हणजे समुद्रातला सगळ्यात साधा, छोटा मासा. कप्तान, लवेश पराडकर. गावातल्या पोरांपैकी कुणीतरी त्याला विचारलं, काय रे लवूदादा, तू पण? ते उत्तर उर्वीने खेळाच्या भिंतीवर वाचलं : ‘माझी माणसा हंयसर आसत, मगे मी खंय जाव?’

गावची होडी त्या वर्षी बाहेर गेली नाही. आणि पेडव्याचं शीड पूर्वेच्या पंखात सगळ्यात नेटकं चालू लागलं. धूळ दिसली की ते वेळेवर मिटे, वेळेवर उघडे. एकही भोक नाही. लवेश टोकाला पोचला. तिथून पुढे कुणी नव्हतं.

त्याच्याकडे आता तेवढंच होतं, आणि तेही तिच्या खेळात.


माहीत असलेला दोष : चित्र उजळ होत आहे, पण स्पष्ट होत नाही.

हे टिपण लिहिताना तिला अजून कारण माहीत नव्हतं. नाझनीनने दोन चित्रं शेजारी लावली. दिवाळीतलं आणि आताचं. आताचं जास्त लखलखीत होतं आणि जास्त पुसट.

“भिंगावर तूप लावल्यासारखं झालंय,” नाझनीन म्हणाली. “कवड्या बिघडल्या?”

“नाही. सगळ्या चांगल्या आहेत.”

“मग आहेत कुठे?”

उर्वीने कमान पडद्यावर काढली आणि बघत राहिली. कमान मिटत होती. दोन्ही पंख आत आले होते. महिनोन् महिने, संथपणे, हजारो माणसांनी शिडं आत कलवली होती.

का? तिनेच सांगितलं होतं म्हणून. रापण किनाऱ्याला लागायची वेळ आली की दोन्ही दोरांवरची माणसं ओढता ओढता वाळूवर एकमेकांच्या दिशेने सरकतात, म्हणजे जाळ्याचं तोंड मिटतं आणि मासळी निसटत नाही. हे तिच्या अंगात इतकं होतं, की वाट्याचा नियम लिहिताना तिने सहज घातलं : चित्र भरत येईल तसं शेजारच्या जहाजाजवळ सरका, वाटा वाढेल. कवड्यांच्या अभियंत्यांनाही ते पटलं, कारण जवळच्या घड्याळांचा मेळ छान बसतो. पण या जाळ्यात ओढायचं काहीच नव्हतं. याचं काम ताणलेलं राहणं, एवढंच होतं.

आणि सगळ्यांत आत, सगळ्यांत इमानाने, पूर्वेच्या टोकाचं जहाज आलं होतं. पेडवो. ज्या किनाऱ्यावर ती चूक तयार झाली, त्याच किनाऱ्यावरचा माणूस. त्याला त्यात काही चुकीचं वाटणं शक्यच नव्हतं.

नाझनीनने भडंगाची वाटी पुढे सरकवली. “खा. रडायचं असेल तर खाऊन रड. आता करायचं काय?”

“मधल्यांनी आहे तिथेच थांबायचं. दोन्ही टोकांना एक-एक जहाज पुन्हा बाहेर गेलं तर पुरेल. पूर्वीपेक्षा खूप बाहेर. पावसाळ्यानंतर सुंगट त्याच्या ताऱ्यामागे जाईल, त्याआधी. पण...”

“पण?”

“तिथे ऊन फार कमी. शिडाला जायला पुरतं. वळून यायला पुरत नाही.”

“म्हणजे गेलं ते गेलं.”

“जाईपर्यंत ऐकत राहील. नंतरही बरीच वर्षं ऐकेल. पण येणार नाही.”

पश्चिमेच्या टोकासाठी चौधरीबाईंनी विचारल्याबरोबर हो म्हटलं. ‘दुकान सांभाळून होतंय ना, मग जाते.’ पूर्वेच्या पंखात इतकं धड शीड एकाच जहाजाला होतं.


काढून टाकलं : परतीची वाट.

लवेश तिचा फोन उचलेना. मग तिने त्याला जहाजावर हाक घातली.

इथे तिचीच आणखी एक करामत तिला नडली. सगळं खरं वाटावं म्हणून जहाजावरचं बोलणं तिने खऱ्या वाटेने सोडलं होतं : कवडीपर्यंत जाऊन परत. भाऊ बसला होता सव्वाशे किलोमीटरवर. त्याच्याकडे जाणारा शब्द मंगळ ओलांडून जाणार होता, आणि त्याचा शब्द येणार होता तसाच. एका वाक्याला दुपारचा मोठा तुकडा लागायचा.

“दादा, मी उर्वी. पेडव्याक भायर जावक व्हया. परत येवक जमाचा नाय. तुका इचारतंय.”

वाक्य गेलं. नाझनीन एका बैठकीला गेली, बैठक आटोपून आली.

“कोण उर्वी?”

नाझनीन खुर्चीत मागे रेलून हसली. “ऐंशी मिनिटं. यासाठी.”

“तुझी भैण,” उर्वी म्हणाली. “जिका पोवूक शिकवतंय म्हणून खाडीत ढकललंस ती.”

आणि पुन्हा वाट बघणं. खाली रस्त्यावर कुणीतरी मिसळीसाठी हुज्जत घालत होतं. उर्वीने कमानीचं चित्र मोठं केलं. एवढ्या पोकळीत पेडवो म्हणजे टाचणीचं टोकही नव्हतं. तरीही ते तिथे होतं, आणि त्याच्या शिडावर या क्षणी ऊन पडत होतं. तेच ऊन, जे तिच्या टेबलावर होतं.

“ढकलूक नाय. तूच उडी मारलंस,” लवेशचा आवाज आला. मागे समुद्र ऐकू येत होता. “आता आयक. रापण जवळ इली की जवळ येवचा, ह्या तूच लिवलंस. मी चुकूक नाय.”

“तू नाय चुकलंस. मी चुकलंय. ह्या दोराक ओढूचा नसता, ताणून धरूचा असता. माका आपलोच किनारो दिसत होतो.”

गेलं. आलं, उन्हं कलल्यावर.

“माकाय तोच दिसत होतो.” मग तो थोडा थांबला. त्याचं थांबणंसुद्धा मंगळ ओलांडून आलं होतं. “बाय, गावात दोर ओढूक माणूस नाय. माणसा तुझ्याकडे. आता जहाज पण व्हया. मगे माझ्याकडे रवला काय?”

उर्वीने उत्तर तीनदा बोलून पुसलं. पहिल्यात इतिहास होता. दुसऱ्यात ती त्याला नवं जहाज देत होती. तिसऱ्यात रडणं. नाझनीन खिडकीशी जाऊन उभी राहिली.

चौथ्यांदा ती म्हणाली, “काय रवाचा नाय, दादा.”

ते वाक्य निघालं. पोचलं असेल असं वाटलं, त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही. मग पडद्यावर, पूर्वेच्या टोकाला, पेडव्याचं शीड वळलं.

बाहेर.

“गेला,” नाझनीन पुटपुटली.

“अजून नाही,” उर्वी म्हणाली. पडद्यावरचं शीड पुढे होतं. खरी कवडी अजून आत तोंड करून चालली होती, तिला ठाऊक नव्हतं. निरोप वाटेत होता, सूर्याच्या बाजूने निघालेला. आता लवेशच्याही हातात काही नव्हतं, कुणाच्याच नव्हतं. गोष्ट ठरून गेली होती आणि अजून घडली नव्हती, या दोन्हींच्या मध्ये त्या दोघी उभ्या राहिल्या, आणि कुणीही खाली बसलं नाही, ती घडेपर्यंत.


(या आवृत्तीला टिपण नाही.)

पेडवो बाहेर जात राहिलं. शिमगा गेला, आंबे संपले. पश्चिमेला चौधरीबाईंचं जहाजही काळोखात शिरलं. त्या रोज एक ओळ लिहायच्या, ‘सूर्य आता काजूएवढा.’ मग, ‘आता मिरीएवढा.’ मधली हजारो जहाजं जागच्या जागी थांबली होती. शीड धरून नुसतं थांबणं, हेच काम. लढाईच्या खेळात तोफांसाठी भांडणारी माणसं दोन शब्द न बोलता शेजारी शेजारी थांबली होती, आणि एकही जहाज हललं नाही. उर्वीला राहून राहून नवल वाटे ते याचं.

सुंगट ताऱ्यामागे जायच्या आधी थोडेच दिवस, भर दुपारी, चित्र जुळलं.

नियमाप्रमाणे ते आधी दोराला हात लावलेल्यांना दिसायचं होतं. उर्वीच्या नावावर जहाज नव्हतं. खेळ बनवायच्या नादात तिने कधी सांगडच घेतली नव्हती. स्टुडिओच्या पडद्यावर फक्त ‘थांबा’ असा शब्द होता.

फोन वाजला. साधा फोन, मंगळ वगैरे काही न ओलांडता.

“गो बाय.”

“दादा.”

“तुका दिसता?”

“नाय. माझो वाटो नाय.”

“बरा झाला. मगे मी सांगतंय,” लवेश म्हणाला. मग त्याचा श्वास तेवढा ऐकू आला.

“सांग ना, दादा.”

“काळोख आसा. सगळो गोल काळोख. आनि त्याच्यार... काजवे, बाय. पावसाच्या आगोटीआधी झाडार बसतत तसे. इतके. हलतत. एक विझता, धा पेटतत.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे नाय.”

नाझनीनने पुढे होऊन फोनचा आवाज मोठा केला.

“डावीकडे भरलेले आसत. उजवीकडे एक पण नाय. काळोख, गुळगुळीत. आनि मधे...” त्याचा आवाज खाली आला, देवळात येतो तसा. “मधे रेघ आसा. सरळ नाय. कागद घेतलंस?”

उर्वीने मार्कर उचलला. कागद जवळ नव्हता. ती काचेच्या दाराशी गेली.

“वरसून सुरू कर. खाली ये. हळू. आता आत घे... अजून. आता नाक काढ भायर, खडपासारख्या. हां. परत आत.”

ती काढत होती. काचेवर काळी रेघ उतरत होती, आत जात होती, बाहेर येत होती. बारा वर्षांपूर्वी तिथे विजा पडल्या होत्या. तेव्हा त्यांच्या गावची होडी रोज बाहेर जात होती. तेवढी वर्षं तो कडकडाट काळोखातून चालत आला आणि पेडव्यावर येऊन टेकला.

“थांब,” लवेश म्हणाला. “हंय मोठो बाक आसा. चंद्रकोरीसारखो. दोन्ही बाजूक खडप. वारो भायरसून इलो तरी पाणी शांत रवात.”

उर्वीने कोर काढली. काचेवर मार्कर तसाच टेकलेला राहिला.

“काढलंस?”

“काढलंय.”

पलीकडे लवेश तो किनारा निरखत होता. घाईत नव्हता. आयुष्यभर किनारे बघितलेला माणूस बघतो तसा, वाळू कुठे असेल, होडी कुठून काढता येईल, माणसं कुठे उभी राहतील.

“बाय,” तो शेवटी म्हणाला, “हंयसर रापण टाकूक जमतला.”